फ्रेममधला फोटो आणि ‘ग्रुप’चा घोळ

नागपूरच्या बर्डीवर फोटोशॉपमध्ये लग्नाचे अल्बम करणाऱ्या मुरलेल्या डिझायनरला ‘फोटो फ्रेममध्ये ग्रुप कर’ म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही. तेच वाक्य परवा कोर्स संपवून आलेल्या पोराला सांगा. तो फोटो आणि फ्रेम दोन्ही लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, उचलून फोल्डरमध्ये टाकतो, नवरी फ्रेमबाहेर तशीच लोंबत राहते, आणि वर म्हणतो, “भाऊ, ग्रुप तर केलं ना!” दोघंही खरं बोलतात. ‘ग्रुप’ या शब्दाचा अर्थच मधल्या काळात बदलला.

थर लावून चित्र रचणं कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं. १८५७ सालीच तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक छायाचित्र तयार झालं होतं. फोटोशॉपमधली डॉज (उजळ करणं), बर्न (गडद करणं), अनशार्प मास्क (कडा धारदार करणं) ही नावं डार्करूममधूनच आली. लेअर एकमेकांत मिसळायच्या पद्धतींपैकी मल्टिप्लाय म्हणजे दोन स्लाइड एकावर एक ठेवून उजेडाला धरणं, आणि स्क्रीन म्हणजे दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर सोडणं.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात लेअर नव्हते. चिकटवलेला तुकडा सिलेक्शन असेपर्यंतच हलायचा. सिलेक्शन सुटलं की तो चित्रात मुरायचा. लेअर आले १९९४ च्या ३.० मध्ये. ड्रॉप शॅडोसाठी, म्हणजे फोटोमागच्या सावलीसाठी, तरीही लेअरची कॉपी काढा, काळी करा, ब्लर करा, थोडी सरकवा, एवढा खटाटोप होता. १९९८ च्या ५.० ने ते काम एका खिडकीत आणलं आणि त्याला ‘लेअर इफेक्ट’ म्हटलं. दोन वर्षांनी ६.० मध्ये त्याचं ‘लेअर स्टाइल’ झालं. हे बारसं आपल्या स्टुडिओंनी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे अजूनही सगळं ‘इफेक्ट’च.

आता ७.०. ही आवृत्ती २००२ ची, आणि माझ्या मते आपल्याकडचा अल्बमचा धंदा हिनेच उभा केला. डिजिटल कॅमेरे आले, करिझ्मा म्हणजे पानंच्या पानं डिझाइन करून छापलेले अल्बम आले, बारा बाय छत्तीस इंचांची पानं आली. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, असं एक पान म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल, जवळपास ३.९ कोटी. सपाट आरजीबी फाइलच मेमरीत सुमारे ११७ एमबी घेते, लेअर वेगळे. ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर, मे महिन्यात, कूलरचं तोंड माणसाऐवजी सीपीयूकडे वळवून ही पानं बनत. सेव्हला टाकून खाली चहा पिऊन यायचं.

त्या काळात तयार पीएसडीच्या, म्हणजे लेअरसकट फोटोशॉप फाइलींच्या, सीडी-डीव्हीडी मिळत. पानावर हृदयाच्या, पानाफुलांच्या आकाराची फ्रेम आधीच असे. तिच्यावर फोटो आणायचा आणि कंट्रोल-जी दाबायचं, की फोटो फ्रेमच्या आकारापुरताच दिसे. मेनूत याचं नाव होतं ‘ग्रुप विथ प्रीव्हियस’, म्हणजे खालच्या लेअरशी जोड. फोल्डर तेव्हाही होते, पण त्यांना ‘लेअर सेट’ म्हणत. त्यामुळे घोळ नव्हता.

२००३ च्या सीएस आवृत्तीत या क्रियेचं नाव ‘क्लिपिंग मास्क’ झालं. शॉर्टकट तोच राहिल्यामुळे कुणाला पत्ताही लागला नाही. खरा दणका २००५ च्या सीएस२ ने दिला. लेअर सेटचं नाव ‘ग्रुप’ झालं, कंट्रोल-जी त्याला गेलं, आणि फ्रेमवाल्यांच्या हाती कंट्रोल-ऑल्ट-जी आलं. जुना शब्द, जुनी बटणं, अर्थ नवा. कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पॅनेलमध्ये एकाच वेळी अनेक लेअर निवडण्याची सोय याच आवृत्तीत आली. मग निवडलेले लेअर एकत्र बांधायला सोपा शॉर्टकट लागणारच. शिवाय बॅनर बनवायच्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-जी म्हणजे वस्तू एकत्र बांधणं. त्यामुळे मारबतीच्या आणि पोळ्याच्या शुभेच्छांचे बॅनर करणाऱ्या फ्लेक्सवाल्यांना हा बदल घरचाच वाटला. भोगलं ते अल्बमवाल्यांनी. मी स्वतः नव्या आवृत्तीवर पहिलाच अल्बम करताना पानामागून पान कंट्रोल-जी दाबत गेलो आणि वर ‘काऊन बसून नाही राहिला हा फोटो’ म्हणून फाइललाच दोष देत होतो. क्रियेचं नाव तरी नवं ठेवलं होतं. शॉर्टकट काही वर्षं मोकळा सोडला असता तर काय बिघडलं असतं?

त्याच सीएस२ मध्ये स्मार्ट ऑब्जेक्टही आला. फोटो लहान करून पुन्हा मोठा केला तरी फुटत नाही, ही अल्बमवाल्याला हवी तीच गोष्ट. पण कंट्रोल-जीच्या रागात अनेकांनी ७.० सोडलंच नाही, आणि ही सोय त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोचली.

पुढचं झपाट्यानं घडलं. २०१८ मध्ये माणूस एका क्लिकवर सिलेक्ट होऊ लागला, पेन टूलने गजऱ्याच्या कडेकडेनं फिरणं कमी झालं. २०२३ मध्ये जनरेटिव्ह फिल, म्हणजे सांगितलेलं चित्र एआयनं भरून देणारी सोय, आलं; तेही आपला माल वेगळ्या लेअरवरच ठेवतं. ड्रॉप शॅडोचं दुखणं मात्र तसंच आहे. ग्लोबल लाइटचा, म्हणजे सगळ्या सावल्यांसाठी धरलेल्या एकाच उजेडाचा, कोन १२० अंश ठेवला की सावल्या उजवीकडे खाली पडतात; मग हॉलमधला हॅलोजन फोटोत उजवीकडून नवरीच्या गालावर का चमकेना.

शॉर्टकटच्या या भानगडीत एक रस्ता कुणी हलवलेला नाही. ऑल्ट दाबून दोन लेअरच्या मधल्या रेघेवर क्लिक केलं की फोटो फ्रेममध्ये बसतो, ७.० मध्येही आणि आजच्या आवृत्तीतही. नव्या पोराला मी आता तेवढंच दाखवतो. तोंडातून मात्र ‘ग्रुप कर’ निघतंच.