सनदेतला पाद्री आणि 499 टनांचं जहाज

पहिल्या एलिझाबेथ राणीनं 31 डिसेंबर 1600 रोजी ईस्ट इंडिया कंपनीला दिलेली सनद ही व्यापाराची मक्तेदारी होती. धर्मप्रसाराची अट तिच्यात नव्हती. 1606 च्या व्हर्जिनियाच्या सनदेत मात्र ‘अंधारात’ राहणाऱ्या लोकांपर्यंत ख्रिस्ती धर्म नेण्याचा हेतू आरंभीच नोंदलेला आहे. तिथं वसाहत करायची होती, इथं मिरी आणायची होती.

इकडे धर्म सनदेत शिरला तो 1698 मध्ये, तिसऱ्या विल्यमनं नव्या प्रतिस्पर्धी कंपनीला सनद दिली तेव्हा. प्रत्येक किल्ल्यात आणि मोठ्या वखारीत पाद्री ठेवायचा. त्यानं वर्षभरात पोर्तुगीज शिकायची, कारण किनाऱ्यावरच्या व्यवहाराची भाषा तीच. शिवाय स्थानिक भाषाही शिकायची आणि कंपनीच्या ‘जेंटू’, म्हणजे हिंदू, नोकरांना व गुलामांना प्रोटेस्टंट शिकवण द्यायची. 500 टन किंवा त्याहून मोठ्या जहाजावरही पाद्री हवा.

यावर पळवाट सोपी निघाली. पुढं कित्येक वर्षं जहाजं भाड्यानं घेताना करारात 499 टन लिहिले जात. जहाज प्रत्यक्षात मोठं असलं तरी कागदावर एक टन कमी, आणि पाद्र्याचा पगार वाचला.

मुंबईत पेच निराळा होता. पोर्तुगालनं इंग्लंडच्या राजाला बेट आंदण दिलं, त्या 1661 च्या तहात रोमन कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याची हमी दिलेली होती. 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड खंडावर बेट कंपनीकडे आलं, तेव्हा ही हमीही गळ्यात पडली. इंग्रजांचं स्वतःचं सेंट थॉमस चर्च 1718 पर्यंत रखडलं.

1793 मध्ये ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सनं मिशनऱ्यांना वाट करून देणारं कलम सुचवलं, ते भागधारकांच्या विरोधानं गळालं. 1806 च्या वेल्लोरच्या बंडानंतर तर ‘धर्मात हात घातला की शिपाई बिथरतात’ हा युक्तिवाद कंपनीच्या समर्थकांना आयताच मिळाला. फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या हॉल आणि नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांवर हद्दपारीचे हुकूम होते. गव्हर्नर नेपियननं अंमलबजावणी लांबवली आणि त्याच वर्षीच्या, कंपनीची सनद वाढवून देणाऱ्या कायद्यानं मिशनऱ्यांना दार उघडलं.

पण उघडलं तेही परवान्यापुरतंच. परवाना संचालकांकडे मागायचा, त्यांनी नाकारला तर बोर्ड ऑफ कंट्रोल या कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाकडे दाद. कलकत्त्याच्या बिशपला वर्षाला 5,000 पौंड आणि तीन आर्चडीकनना, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्यांना, प्रत्येकी 2,000, तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. त्याच कायद्यात शिक्षणासाठी वर्षाला 1 लाख रुपये होते. परवान्याची अट 1833 मध्ये गेली. 1837 मध्ये मुंबईला टॉमस कार हा पहिला बिशप मिळाला आणि सेंट थॉमस कॅथेड्रल झालं.