मेल क्लाउडवर, डेस्कटॉप सर्व्हरवर : आजच्या बिघाडांची जुनी मुळं

१४ ऑक्टोबर २०२५ या एकाच तारखेला विंडोज १० आणि मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या दोन आवृत्त्या, एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि एक्स्चेंज सर्व्हर २०१९, या तिन्हींचा सपोर्ट संपला. ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं निर्णय पुढे ढकलला होता, त्यांच्या आयटी विभागापुढे मग दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. सर्व्हर रूममधला मेल क्लाउडवर कसा न्यायचा, आणि विंडोज ११ ज्यावर चालणार नाही अशा जुन्या पीसींचं करायचं काय? दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे व्हीडीआय (व्हर्च्युअल डेस्कटॉप) : डेस्कटॉप डेटा सेंटरमध्ये किंवा क्लाउडवर चालतो आणि टेबलावरचं यंत्र फक्त त्याचा पडदा दाखवतं. विंडोज ३६५ आणि अ‍ॅझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप या आपल्याच क्लाउड डेस्कटॉप सेवांवरच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट जादा पैसे न घेता देऊ केले, त्यामुळे अनेकांची नजर तिकडे वळणं साहजिक होतं.

बहुतेक ठिकाणी ही कामं दोन टीम, दोन बजेटं आणि दोन व्हेंडर घेऊन वेगवेगळी चालतात. घोळ इथेच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. दोन्हींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. मायग्रेशनच्या आठवड्यात हेल्पडेस्कवर येणाऱ्या तक्रारी नीट पाहिल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ त्या काळी अगदी योग्य असलेल्या कुठल्या तरी निर्णयात सापडतं. ते मूळ माहीत असलं की बिघाड शोधण्याचा वेळ बराच कमी होतो.

सुरुवात पत्त्यापासून करावी लागेल. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर मेल पाठवला, तेव्हा @ चिन्हापुढे थेट यंत्राचं नाव असायचं. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांचा एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमांचा, दस्तऐवज आला, १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेची, रचना मांडली, आणि जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांच्या आरएफसी ९७४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणता सर्व्हर घेतो याची डीएनएसमधली नोंद) पाहून मेल कुठे पोचवायचा याचे नियम घालून दिले. पत्ता आणि यंत्र यांची फारकत झाली ती अशी. डोमेन तेच ठेवून मेल एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर नेता येतो, तो केवळ या फारकतीमुळे.

पण डीएनएसचं उत्तर जगभरच्या सर्व्हरांनी काही काळ साठवून ठेवायचं, हाही त्याच रचनेचा भाग. ही साठवणुकीची मुदत, म्हणजे टीटीएल, ८६४०० सेकंद ठेवला असेल, तर एमएक्स बदलल्यानंतरही चोवीस तास काही मेल जुन्या दारात येत राहतात. म्हणून टीटीएल दोन-तीन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवतात. जो हे कटओव्हरच्या, म्हणजे प्रत्यक्ष बदलाच्या, रात्री करतो त्याला काहीच फायदा मिळत नाही, कारण जुना, लांब टीटीएल आधीच सगळीकडे साठलेला असतो.

याहून जास्त छळणारी तक्रार वेगळी आहे : बाहेरचे सगळे मेल नव्या मेलबॉक्समध्ये येतात, पण कंपनीच्या वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचे मेल गायब. ते गायब झालेले नसतात. वेबसाइट ज्या होस्टिंग सर्व्हरवर असते, त्याच सर्व्हरवर पूर्वी मेलही असायचा. मेल सर्व्हर आधी ‘हे डोमेन माझंच आहे का?’ असं स्वतःला विचारतो, आणि उत्तर ‘हो’ आलं तर एमएक्स न बघताच आपल्याकडच्या मेलबॉक्समध्ये मेल टाकून मोकळा होतो. होस्टिंगच्या पॅनेलवर मेल एक्स्चेंजर ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट’ केला की फॉर्म सुरू होतो, आणि जुन्या मेलबॉक्समध्ये साठलेल्या चौकश्याही सापडतात. विक्री विभागासाठी त्या चौकश्या फार मोलाच्या असतात, म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी व्हावी.

एक्स्चेंजचा स्वतःचा वारसा याहून खोल आहे. १९९६ मध्ये एक्स्चेंज ४.० बाजारात आलं, तेव्हा ऑफिसांतल्या मेलचं भवितव्य इंटरनेटच्या एसएमटीपीत आहे की एक्स.४०० आणि एक्स.५०० या आंतरराष्ट्रीय मानकांत, हे ठरलेलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजची मांडणी दुसऱ्या घराण्याच्या धाटणीवर केली. पुढे एसएमटीपीचा विजय झाला, पण संस्थेच्या आत पाठवलेल्या मेलवर पाठवणाऱ्याची ओळख आजही एका लांबलचक एक्स.५०० मार्गाच्या रूपात नोंदली जाते : आधी संस्था, मग प्रशासकीय गट, मग रेसिपियंट्स, आणि शेवटी व्यक्ती. आउटलुकची ‘टू’ची जागा आपण दोन अक्षरं टाइप करताच जे नाव सुचवते, त्यामागेही हाच मार्ग लपलेला असतो.

आता पीएसटी फाइलींतून (आउटलुकने पीसीवर साठवलेल्या मेलच्या फाइली), किंवा एका टेनंटमधून (क्लाउडवरच्या एका कंपनीच्या स्वतंत्र जागेतून) दुसऱ्या टेनंटमध्ये मेलबॉक्स हलवले, की नव्या मेलबॉक्सला नवा मार्ग मिळतो. सोमवारी सकाळी कुणी तरी मागच्या महिन्यातल्या मेलला ‘रिप्लाय’ करतं आणि मेल ५.१.१ किंवा ५.१.१० असा कोड घेऊन परत येतो. पाठवणारा वैतागून सांगतो, ‘शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मेल जात नाही, आणि बाहेरच्यांचे त्याला व्यवस्थित येतात.’ परत आलेल्या मेलमध्ये ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारी एक ओळ असते. ती उलगडता येते. सुरुवातीचा तो शब्द आणि शेवटचं डोमेन काढून टाकायचं, प्रत्येक अंडरस्कोअरच्या जागी तिरपी रेघ घालायची, +२० च्या जागी मोकळी जागा, +२८ आणि +२९ च्या जागी कंस. जो मार्ग उरतो तो त्या व्यक्तीच्या नव्या मेलबॉक्सला ‘एक्स५००’ प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडला की रिप्लाय जाऊ लागतात. प्रत्येकाच्या आउटलुकमधली सुचवण्यांची यादी पुसायला लावणं हा उपाय अनेक जण सुचवतात, पण त्याने जुन्या मेलवरचे रिप्लाय दुरुस्त होत नाहीत. शहाणपणाचं म्हणजे हलवण्यापूर्वीच सर्वांचे जुने मार्ग एका फाइलीत काढून ठेवावेत आणि नव्या मेलबॉक्सवर एकगठ्ठा चढवावेत.

हायब्रिड पद्धतीत, म्हणजे जुना सर्व्हर आणि क्लाउड जोडून ठेवून मेलबॉक्स हलवताना, हा त्रास सहसा होत नाही. एक्स्चेंज २०१० सोबत आलेली मेलबॉक्स रेप्लिकेशन सेवा पार्श्वभूमीवर सगळा मेल कॉपी करत राहते, ९५ टक्क्यांवर थांबते आणि अखेरचा बदल आपण सांगू तेव्हा करते. त्या ९५ ला मूव्ह अडकली असं समजून ती रद्द करून पुन्हा सुरू करणारे पुष्कळ आहेत; तसं केलं की आधीची सगळी कॉपी वाया जाते. आयमॅपने मेल आणणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं की मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला हा प्रोटोकॉल लिहिला तो मेलसाठी. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट त्यातून येत नाहीत, ते वेगळे आणावे लागतात.

पीएसटीचं ओझं थोडक्यात. आउटलुक २००३ च्या आधी या फाइलीची मर्यादा २ जीबी होती आणि सर्व्हरवरची जागा महाग, म्हणून लोकांनी दरवर्षीची नवी फाइल करून ती आपल्या पीसीच्या डी ड्राइव्हवर ठेवली. डेस्कटॉप सर्व्हरवर न्यायचा ठरला की हे डी ड्राइव्ह उघडावेच लागतात.

मेल पाठवण्याच्या बाजूचे नियम इतिहासाने हळूहळू आवळत नेले. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) २००६ मध्ये आरएफसी ४४०८ म्हणून आलं, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) २००७ मध्ये, डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं याचं धोरण) २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ म्हणून. एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये दहापेक्षा जास्त शोध लागले तर ती नोंदच अवैध ठरते. पगारपत्रकाची सेवा, बिलिंग, मार्केटिंग यांचे एकेक ‘इन्क्लूड’ वाढत गेले की अकरावा कधी येतो ते कळतही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनने नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारं बेसिक ऑथेंटिकेशन बंद करायला घेतलं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं. मेल हलवताना माणसांची यादी सगळेच करतात. स्कॅनर, यूपीएस, हजेरीचं यंत्र, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर हेही मेल पाठवतात. त्यांची यादी करणारे थोडे.

आता डेस्कटॉपची बाजू. एक मोठं यंत्र आणि अनेक माणसं ही कल्पना १९६० च्या दशकातल्या टाइम-शेअरिंगची. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० देऊन प्रत्येकाला स्वतंत्र आभासी यंत्राचा अनुभव दिला. पीसी आले आणि दशकभर सगळं टेबलावर गेलं. आयबीएममध्ये ओएस/२ वर काम केलेल्या एड आयाकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स काढली, आणि १९९५ च्या विनफ्रेमने विंडोज एनटी ३.५१ एकाच वेळी अनेकांना वापरता येईल असं केलं. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते तंत्र परवान्यावर घेतलं, १९९८ मध्ये एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणि दूरच्या डेस्कटॉपचा पडदा आणणारं आरडीपी आलं. या पद्धतीत सगळे एकाच विंडोजमध्ये राहतात. एकाने चुकीचं काही बसवलं तर सगळ्यांना भोगावं लागतं, आणि बरीच सॉफ्टवेअर अनेकांच्या वापरासाठी लिहिलेलीच नव्हती.

एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्स २००१ मध्ये आलं ते सर्व्हर एकत्र करण्यासाठी. काही ग्राहकांनी आपणहून त्यावर विंडोज एक्सपी बसवून आरडीपीने जोडायला सुरुवात केली, आणि २००६ मध्ये व्हीएमवेअरने याच वापराला व्हीडीआय नाव देऊन बाजारात आणलं. पुण्या-मुंबईत परदेशी बँका आणि विमा कंपन्यांची कामं करणाऱ्यांना यात मोठा आधार दिसला : ग्राहकाचा डेटा त्याच्याच डेटा सेंटरमध्ये राहतो, इथे येतो तो फक्त पडदा.

पहिल्या पिढीतले अनेक प्रकल्प अडकले ते डिस्कपाशी. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. मिनिटाला १५००० फेऱ्यांची एक डिस्क सेकंदाला साधारण १८० वाचन-लेखनं करते. शंभर डेस्कटॉप, प्रत्येकी दहा, म्हणजे १०००. सहा डिस्क पुरतील असं वाटतं. पण चालू डेस्कटॉपची बहुतेक कामं लेखनाची असतात. ८० टक्के लेखन धरलं आणि रेड-५ या अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीत एका लेखनाला डिस्कवरची चार कामं लागतात हे लक्षात घेतलं, तर २०० वाचनं अधिक ३२०० मिळून ३४०० होतात, आणि लागतात एकोणीस डिस्क. हा झाला शांत दुपारचा आकडा. सकाळी साडेनऊला शिफ्ट सुरू होताना, किंवा सगळ्या डेस्कटॉपवर अँटिव्हायरसचं स्कॅन एकाच वेळी लागलं तर, तो कितीतरी पट वाढतो. एसएसडी स्वस्त झाल्यावर ही अडचण पुष्कळ ओसरली, पण सरासरी वापरावर आखणी करायची सवय अजून टिकून आहे.

आणि इथेच मेल आणि डेस्कटॉप समोरासमोर येतात. आउटलुक २००३ ने कॅश्ड मोड आणला : मेलबॉक्सची प्रत ओएसटी फाइलीत पीसीवर ठेवायची, म्हणजे मंद लाइनवरही काम चालतं. व्हीडीआयमध्ये अनेकांनी तो मुद्दाम बंद ठेवला. डेस्कटॉप आणि एक्स्चेंज एकाच डेटा सेंटरमध्ये शेजारी असल्याने थेट सर्व्हरवरून मेल वाचणं वेगवान होतं, आणि रोज रात्री पुसले जाणारे नॉन-पर्सिस्टंट डेस्कटॉप त्यामुळे हलके राहत. जून २०११ मध्ये ऑफिस ३६५ आलं, मेलबॉक्स क्लाउडवर जाऊ लागले आणि ते शेजारपण संपलं. कॅश्ड मोड बंद ठेवावा तर प्रत्येक क्लिकला इंटरनेटची फेरी. चालू करावा तर शेकडो डेस्कटॉप रोज सकाळी आपापली ओएसटी शून्यापासून उतरवू लागतात. लाइन भरते, स्टोरेज भरतं, सर्चमध्ये काही सापडत नाही.

एफएसलॉजिक्सने याच दुखण्यावर काम केलं : वापरकर्त्याचं प्रोफाइल आणि ओएसटी एका आभासी डिस्कच्या फाइलीत ठेवायची आणि लॉगिन करताना ती डेस्कटॉपला जोडायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. ३० सप्टेंबर २०१९ ला विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप (आजच्या अ‍ॅझुर व्हर्च्युअल डेस्कटॉपचं पहिलं नाव) सुरू झालं. पुढच्याच मार्चमध्ये दूरसंचार विभागाने घरून काम करण्यासाठी सेवा कंपन्यांवरच्या अटी सैल केल्या, लॉकडाउन लागला आणि व्हीडीआय नसलेल्या कंपन्यांचे कर्मचारी ऑफिसचे पीसी गाडीत घालून घरी गेले. त्यानंतर या विषयाला व्यवस्थापनाच्या बैठकीत जागा मिळाली. ऑगस्ट २०२१ मध्ये दरमहा ठरलेल्या भाड्याचं विंडोज ३६५ आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं आणि तिचा डेस्कटॉपचा धंदा पुढे ओम्निसा या वेगळ्या कंपनीकडे गेला. जुन्या करारांवर विसंबलेल्यांना तेव्हापासून खर्चाची मांडणी नव्याने करावी लागते आहे.

अंतराचाही विचार हवा. मायक्रोसॉफ्टचे भारतातले क्लाउड रीजन (डेटा सेंटरांचे समूह) २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत सुरू झाले, अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं २०१६ मध्ये. पुण्याहून अमेरिकेला जाऊन येणाऱ्या फेरीला २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि तिथल्या डेस्कटॉपवर टाइप करणाऱ्याला प्रत्येक अक्षर उशिरा उमटताना दिसतं. डेस्कटॉप माणसाजवळच्या रीजनमध्ये असावा, आणि प्रोफाइलच्या फाइली डेस्कटॉपच्याच रीजनमध्ये.

दोन्ही कामं हाती असतील तर प्रोफाइल कुठे राहणार आणि ओएसटीत किती महिन्यांचा मेल ठेवायचा, हे मेलच्या पहिल्या बॅचआधी ठरलेलं असावं. पहिल्या तुकडीत आयटीतली मंडळी घेण्याचा मोह होतो. ती स्वतःची अडचण स्वतःच सोडवतात आणि चाचणी छान पार पडल्याचं दिसतं. त्याऐवजी अकाउंट्समधल्या माणसांना घ्यावं, ज्यांच्याकडे पंधरा वर्षांचा मेल, चार शेअर्ड मेलबॉक्स आणि डी ड्राइव्हवर पीएसटींची रांग असते, आणि मोजणी महिनाअखेरीच्या सकाळी, सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा करावी.