बटण बंद म्हणजे वीज बंद? नाही!

"बटण बंद कर आणि उघड होल्डर, काही होत नाही." हा सल्ला सोलापुरात घरोघरी ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

भिंतीवरचं बटण दोनपैकी एकच वायर तोडतं. ती फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, असायला हवी. पण वायरिंग करताना बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, बसलं असेल, तर दिवा विझतो आणि होल्डरच्या पिनांपर्यंत २३० व्होल्ट तसेच पोचलेले असतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कुणीकुणी जोडण्या केल्यात, तिथे तर बटणावर विसंबूच नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करा.

तेवढ्यानेही भागत नाही. घरात इन्व्हर्टर असेल, तर मेन पाडताच तो स्वतःहून सुरू होतो. त्याचा प्लग काढून उपयोग नाही, बॅटरी आहेच; त्याचं स्वतःचं बटण बंद करा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का बघा, मग मेन पाडून वायरीला लावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही, हे लोक विसरतात.

नळ-पाइप दुरुस्त करताना पाण्याचंही तसंच. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून गच्चीवर टाकी. मीटरजवळचा कॉक फिरवला तरी टाकीतलं पाणी येतच राहतं. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा, गीझर आधीच बंद ठेवा, आणि सगळ्यात खालचा नळ सोडून पाइप रिकामा होऊ द्या.