निश्चल स्नायूही का थकतो?

प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे बडोद्यातील मराठी घरांना मल्लखांब आणि जोर-बैठका पिढ्यान्‌पिढ्या परिचयाच्या आहेत. मल्लखांबावर पकड घेऊन निश्चल राहिलेल्या खेळाडूकडे पाहताना मात्र एक प्रश्न पडायला हवा. विस्थापन नसेल तर कार्य शून्य, असे भौतिकशास्त्र सांगते. मग तसूभरही न हलणाऱ्या त्या खेळाडूला घाम का फुटतो आणि थोड्याच वेळात त्याचे दंड का थरथरू लागतात?

उत्तर स्नायूच्या रचनेत आहे. शरीरात ६०० हून अधिक अस्थिस्नायू असून प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण ४० टक्के वाटा त्यांचा असतो. स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. यातील प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. तिची जाडी केसाइतकी किंवा त्याहूनही कमी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते आणि तिच्यात एक नव्हे, अनेक केंद्रके असतात. तंतूच्या आत आणखी बारीक सूत्रे असतात आणि त्या सूत्रांवर सार्कोमिअर नावाची एकके एकापुढे एक रचलेली असतात. विश्रांतीच्या स्थितीत असे एक एकक जेमतेम अडीच मायक्रोमीटर लांब असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे ४०० एकके मावतात.

सार्कोमिअरमध्ये मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ धागे एकमेकांत शिरलेले असतात. आकुंचनाच्या वेळी हे धागे स्वतः आखडतात, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे घडत नाही. १९५४ साली अँड्र्यू हक्सले व रोल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन या शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात हे मांडले. (दोन्ही हक्सले एकमेकांचे नातेवाईक नव्हते.) स्नायू आखडताना त्याच्यावरील गडद पट्ट्यांची (जिथे जाड धागे असतात) रुंदी तेवढीच राहते आणि फिकट पट्टे तेवढे अरुंद होतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, त्यावरून धाग्यांची लांबी कायम राहून ते एकमेकांवरून सरकतात, हा निष्कर्ष निघाला. इतक्या साध्या निरीक्षणातून इतके मूलभूत सत्य हाती यावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

धागे सरकवण्याचे काम मायोसिनची इवली ‘डोकी’ करतात. चेतातंतूकडून संदेश आला की पेशीत कॅल्शियम मोकळे होते, ॲक्टिनवरील अडसर दूर होतो आणि ही डोकी त्याला पकडून काही नॅनोमीटर ओढतात. रस्सीखेचीत हात दोर ओढतो, सोडतो आणि पुढे जाऊन पुन्हा धरतो, तसेच हे चक्र चालते. ऊर्जावाहक एटीपीचा रेणू येऊन चिकटल्याशिवाय डोक्याची पकड सुटत नाही. मृत्यूनंतर एटीपी संपतो आणि देह ताठरतो, तो यामुळेच.

आता निश्चल खेळाडूकडे पाहा. त्याचा सांधा हलत नसला तरी असंख्य डोकी सतत पकडत आणि सोडत असतात, दर वेळी एटीपी खर्च होतो, कॅल्शियम परत साठवण्यासाठीही तो लागतो आणि ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. बाह्य कार्य शून्य असते, अंतर्गत खर्च मात्र अखंड चालू राहतो. तंतू थकू लागले की मेंदू नवे तंतुगट कामाला लावतो. मग त्यांची ओढ एकसारखी राहत नाही आणि थरथर दिसू लागते.

त्यात हाडांची तरफही स्नायूच्या विरोधात असते. बेटकुळी काढणारा दंडाचा स्नायू कोपरापासून केवळ चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असल्यामुळे, कोपर काटकोनात ठेवून तळहातावर ५ किलो वजन तोलायचे तर त्याला सात-आठ पट जोर लावावा लागतो. शिवाय स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून हात सरळ करायला दंडामागचा दुसरा स्नायू लागतो.

वजन सावकाश खाली आणताना स्नायू ताणाखाली लांबत जातो. अशा वेळी कमी तंतूंवर अधिक भार पडून त्यांना सूक्ष्म इजा होते आणि सवय नसलेल्याचे अंग नंतर आंबते. हे दुखणे लॅक्टिक आम्लामुळे येते, हा समज मात्र खरा नाही: ते आम्ल व्यायामानंतर तासा-दोन तासांत निवळते, तर दुखणे एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असते.