घरात टीबी निघाला, तर बाकीच्यांची तपासणी कशी होते?

एकाच्या थुंकीत टीबी निघाला की सगळं घर त्याच्या गोळ्यांमागे लागतं. त्याच्या शेजारी झोपणाऱ्यांची तपासणी तेवढी राहून जाते.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. तिला अर्ज नाही. रुग्णाची ‘निक्षय’ या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी संपर्कातल्यांची यादी करतात. खासगी डॉक्टरांनाही ही नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, त्यामुळे निक्षय क्रमांक मागून घ्या. घरी कोणी फिरकलंच नाही, तर तो घेऊन सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

यादी सांगताना रेशनकार्ड बघू नका. उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत रुग्णासोबत एका छपराखाली कोण झोपलं, दिवसाचा बराच वेळ कोण होतं, ते आठवा. बाळंतपणाला आलेली लेकसुद्धा त्यात येते. बीड-जालन्याकडे घोळ इथंच होतो. माणूस आजारी पडतो उसाच्या फडावर आणि यादी होते गावातल्या घराची. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, सोबत राहिलेली माणसं दुसऱ्याच गावची असतात, त्यांची नावं मुकादमाला विचारून द्या. उलट, गावाकडं आजीला टीबी निघाला, तर तिच्याजवळ ठेवलेली लेकरं यादीत सगळ्यात वर हवीत.

तपासणीत आधी विचारपूस होते: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. मग छातीचा एक्स-रे. शंका आली तर थुंकीत टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी. लहान लेकराला थुंकी काढता येत नाही, खोकलाही नसतो कधीकधी. त्याचं वजन वाढत नसेल तर ते आपणहून सांगा.

आजार निघाला तर उपचार मोफत. नाही निघाला, तरी प्रतिबंधक गोळ्या सुचवतात: सहा महिने रोज एक औषध, किंवा आठवड्यातून एकदा असे बारा डोस. ‘चांगल्या माणसानं गोळ्या कशाला खायच्या?’ हा प्रश्न घरोघरी येतो. जंतू अंगात झोपलेला असू शकतो, म्हणून. पाच वर्षांखालच्या मुलांना तर त्या चुकवूच नयेत. गरोदरपण, कावीळ, दारू, संततिनियमनाच्या गोळ्या, यातलं काही असेल तर आधी सांगा, औषध त्यावर ठरतं. रुग्णाचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर या गोळ्याही वेगळ्या असतात.

कागदपत्रं फार नाहीत. रुग्णाचा निक्षय क्रमांक, एखादं ओळखपत्र, मोबाईल नंबर, जुने एक्स-रे आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या. आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं ते रुग्णाच्या पोषण आहाराच्या पैशांसाठी. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिना १,००० रुपये झाले, आधी ५०० होते. तपासणी झालेल्या प्रत्येकाला पैसे मिळतात, ही पारावरची गप आहे.

ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारास निघते. त्याआधी तपासणी उरका. गोळ्या चालू असताना निघावं लागलं, तर केंद्रात आधी सांगा, म्हणजे नोंद कारखान्याजवळच्या दवाखान्याकडे वर्ग करता येते, तो कर्नाटकात असला तरी.