आजारपणातील उभारी

आजारपणातील उभारी : आजार, त्यावरचे उपचार आणि त्यातून आलेल्या मर्यादा सोसत असतानाही रोजचे जगणे मार्गी लावण्याची आणि घडी विस्कटली की ती पुन्हा बसवण्याची क्षमता. मानसशास्त्रात तिला मानसिक लवचिकता असेही म्हणतात. मधुमेह, संधिवात, हृदयविकार, कर्करोग, दमा, पक्षाघातानंतरचे अपंगत्व, जुनाट वेदना अशा बरोबर घेऊनच जगाव्या लागणाऱ्या दुखण्यांच्या संदर्भात ही संज्ञा विशेष वापरली जाते. रडू फुटणे, चिडचिड होणे, एखादा दिवस अंथरुणातच जाणे यांमुळे कोणाची उभारी कमी ठरत नाही. अडलेला दिनक्रम काही काळाने पुन्हा सुरू होतो का, एवढेच पाहायचे असते.

या विषयाचा अभ्यास आधी आजाऱ्यांवर झालाच नाही. तो झाला लहान मुलांवर. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी कित्येक दशके केला. गरिबी, जन्मावेळची गुंतागुंत, घरातील कलह, पालकांचे मानसिक आजार अशा अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम आणि आपलेपणाने वागणारी प्रौढ माणसे झाली. या मुलांमध्ये काही विलक्षण गुण होते असे दिसले नाही. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते, ही गोष्ट मात्र वारंवार आढळली. अॅन मास्टेन यांनी २००१ मध्ये या क्षेत्रातील संशोधनाचा आढावा घेऊन हेच म्हटले, की उभारी ही असामान्य देणगी नसून माणसाच्या नेहमीच्या जुळवून घेण्याच्या यंत्रणा शाबूत राहिल्या की ती येते. जॉर्ज बोनॅनो यांनी २००४ मध्ये प्रौढांबाबतही असाच निष्कर्ष मांडला : मोठ्या आघातानंतर सावरणे हा अपवाद नाही, ते बऱ्याच जणांना जमते.

आरोग्याच्या बाजूने हाच प्रश्न आरॉन अँटोनोव्हस्की या समाजशास्त्रज्ञाने उलटा करून विचारला. माणसे आजारी का पडतात याऐवजी, इतके सोसूनही काही जण धड कसे राहतात? इस्रायलमधील मध्यमवयीन स्त्रियांच्या पाहणीत, नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांपैकी २९ टक्के स्त्रियांचे भावनिक आरोग्य चांगले असल्याचे त्यांना दिसले. छावणीचा अनुभव नसलेल्या गटापेक्षा हे प्रमाण कितीतरी कमी होते. पण अँटोनोव्हस्की अडखळले ते या २९ टक्क्यांपाशी. पुढे १९७९ मध्ये त्यांनी आरोग्यजननाची, म्हणजे आरोग्य कशातून निर्माण होते ते शोधण्याची, संकल्पना मांडली. आपल्याला काय होते आहे ते कळणे, ते हाताळायला साधने आहेत असे वाटणे आणि त्यासाठी खटपट करण्यात काही अर्थ आहे असे वाटणे, या तीन गोष्टींवर माणसाचा तोल टिकतो, असे त्यांचे म्हणणे. रोगनिदान साध्या भाषेत समजावून सांगणारा डॉक्टर औषधाबरोबर यातली पहिली गोष्ट देत असतो, हे सहज लक्षात येत नाही.

आरोग्याची व्याख्याही या अंगाने सरकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ पासूनची व्याख्या ‘संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य’ मागते. त्या मापाने जुनाट दुखणे असलेला कोणीही कधीच निरोगी ठरणार नाही. म्हणून २०११ मध्ये माख्तेल्ड ह्यूबर आणि सहकाऱ्यांनी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची आणि स्वतःची काळजी घेण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, असा पर्याय सुचवला. त्यावरही टीका झाली. तरी रोज इन्सुलिन घेऊन कामाला जाणाऱ्याला आरोग्याच्या वर्तुळात घेणारी व्याख्या हीच म्हणावी लागेल.

आजार काय मोडतो : संधिवाताच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून मायकेल बरी यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की दीर्घ आजार सांध्यांबरोबर आयुष्याचा आराखडाच मोडतो. पुढच्या दहा वर्षांचे बेत, घरातले आपले स्थान, कोणी कोणावर अवलंबून राहायचे याचे न बोललेले करार, सगळेच नव्याने मांडावे लागते. ज्युलिएट कॉर्बिन आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी १९८५ मध्ये आजारी माणसाच्या वाट्याला येणारी कामे तीन प्रकारची असल्याचे म्हटले : आजाराचे काम (गोळ्या, तपासण्या, पथ्य), रोजचे काम (घर, नोकरी, मुले) आणि स्वतःची ओळख पुन्हा जुळवण्याचे काम. दवाखान्यात चौकशी होते ती पहिल्याची. तिसरे काम सर्वांत लांबते आणि त्याची दखल क्वचितच कोणी घेते.

पहिले काम किती बारीक असते हे इन्सुलिन घेणाऱ्याच्या एका दिवसावरून कळते. सकाळी बोटाला सुई टोचून साखर पाहायची, खाण्याचा अंदाज बांधायचा, त्या हिशेबाने मात्रा घ्यायची, चालणे जास्त झाले तर पुन्हा हिशेब. रक्तशर्करा प्रतिडेसीलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोके चालेनासे होते. तेव्हा सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटे थांबायचे, पुन्हा मोजायचे आणि अजून कमी असेल तर तेच परत करायचे. चारचौघांत किंवा झोपेत असा प्रसंग एकदा आला की त्याची धास्ती बसते आणि काही जण मुद्दामच साखर चढी ठेवू लागतात. बाहेरून तो हलगर्जीपणा दिसतो, असतो मात्र बचाव. अशा माणसाला ‘पथ्य पाळा’ सांगून भागत नाही. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, काय करायचे ते ठाऊक असलेला एखादा सहकारी आणि रात्रीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी झालेले बोलणे, यांतून त्याचा धीर परत येतो.

शक्तीचे मोजमाप : जुनाट वेदना आणि थकव्याच्या आजारांत एक चक्र ठरलेले दिसते. बरे वाटले त्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची आणि नंतरचे दोन-तीन दिवस आडवे पडून काढायचे. यावर वेदना-उपचारकेंद्रांत शिकवला जाणारा उपाय म्हणजे काम दुखण्यावर न बेतता घड्याळावर बेतणे. विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. समजा, पाठदुखी असलेली व्यक्ती ओट्यापाशी सलग किती वेळ उभी राहू शकते ते तीन दिवस मोजले : १० मिनिटे, १४ मिनिटे, ६ मिनिटे. सरासरी १० येते. सुरुवात त्याहून कमी, ८ मिनिटांवर करायची. ८ मिनिटे झाली की दुखत नसले तरी बसायचे आणि दुखत असले तरी शक्यतो तेवढे उभे राहायचे. मर्यादा सावकाश, काही दिवसांच्या अंतराने वाढवायची. पहिला आठवडा चिडीला आणणारा असतो, कारण बरे वाटत असताना थांबणे हे दुखत असताना थांबण्यापेक्षा अवघड जाते.

हीच रीत सगळीकडे लावता येत नाही. थोड्याशा श्रमानेही लक्षणे उफाळणाऱ्या दीर्घकालीन थकवा विकारात, म्हणजे मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिसमध्ये, ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. तिथे आहे त्या शक्तीच्या आत राहणे हाच नियम. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असलेल्या क्रिस्टीन मिसरँडिनो यांनी २००३ मध्ये यासाठी दिलेला दाखला जगभरच्या रुग्णांनी उचलला. मैत्रिणीला समजावताना त्यांनी खाणावळीतल्या टेबलांवरचे चमचे गोळा करून, ही दिवसभराची शक्ती म्हणून, तिच्या हातात दिले आणि उठणे, आंघोळ, कपडे अशा प्रत्येक कामाला एकेक काढून घेतला. कामावर पोहोचायच्या आधीच मैत्रिणीच्या हातात निम्मेच चमचे उरले होते.

शिकता येणारा भाग : स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी आधी संधिवातासाठी आणि मग सर्वच दीर्घ आजारांसाठी एक शिक्षणक्रम आखला : आठवड्यातून एकदा अडीच तास, असे सहा आठवडे. शिकवणारे बहुधा स्वतःच रुग्ण असतात. दर आठवड्याला प्रत्येकाने एक छोटा बेत सांगायचा : काय करणार, किती, केव्हा आणि आठवड्यातले किती दिवस. मग ते पार पडेल याची खात्री ० ते १० मध्ये द्यायची. आकडा ७ च्या खाली आला तर बेत लहान करायचा. माणसाला जोर लावायला सांगायचे नाही. हा बारकावा अल्बर्ट बँडुरा यांच्या १९७७ च्या आत्मक्षमतेच्या सिद्धांतातून आला आहे : जमल्याचा अनुभव हा पुढचे जमण्याचा सर्वांत मोठा आधार. लोरिग यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत व्यायाम किती वाढला याच्याशी रुग्णाला वाटणाऱ्या आरामाचा संबंध फारसा दिसला नाही. ‘यात माझे काही चालते’ ही भावना वाढण्याशी मात्र दिसला.

लिहिण्याने मन हलके होते, हा समज जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात प्रयोगाने तपासला. ओळीने तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटे, सर्वांत खोल गेलेल्या अनुभवाबद्दल लिहायचे. पुढच्या अनेक अभ्यासांत फायदा दिसला, पण तो बेताचा आणि सर्वांना सारखा नाही. श्वसनाचे व्यायाम, ध्यान, छंद यांबद्दलही साधारण तेवढेच म्हणता येईल.

सकारात्मक विचारांचा बोजा : ‘मन खंबीर ठेवलेस तर आजार पळून जाईल’ हे वाक्य ऐकले नाही असा कर्करोगाचा रुग्ण विरळाच. या समजाला शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे १९८९ मध्ये वाटले. डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात, शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांना समूह-मानसोपचार मिळाला त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. पुढे पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग केला (२००१). आयुष्य वाढले नाही. २००७ मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्या फेरप्रयोगातही एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. त्याच वर्षी जेम्स कॉइन यांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांत भावनिक स्वास्थ्य आणि जगण्याचा कालावधी यांचा संबंध नसल्याचे दाखवले.

यावरून मानसोपचार निरुपयोगी ठरत नाहीत. गुडविन यांच्या अभ्यासात सुरुवातीला अधिक खचलेल्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि वेदनाही कमी जाणवू लागली, आणि हा लाभ स्वतःच्या बळावर पुरेसा आहे. आयुष्य वाढवण्याची जबाबदारी रुग्णाच्या मूडवर टाकली की आजार बळावल्यावर त्याला दुःखाच्या जोडीला अपराधीपणाही मिळतो. आणि तो देणारी माणसे सहसा जवळचीच असतात.

उभारी कमी पडणे आणि नैराश्याचा आजार यांत फरक करावा लागतो. बहुतेक दिवस मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, हे दोन आठवडे टिकले तर डॉक्टरांना सांगावे; प्राथमिक चाचणीतले दोन प्रश्न हेच आहेत. आपण नसलेले बरे, असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचेही कारण नाही, त्याच दिवशी मदत घ्यावी. रॉबिन डिमॅटेओ यांच्या २००० सालच्या विश्लेषणानुसार नैराश्य असलेल्या रुग्णांकडून उपचारांत खंड पडण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते. गोळ्या चुकवणाऱ्या माणसाला रागे भरण्याआधी हे आठवलेले बरे.

माणसांचा आधार : ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. मदत मात्र नेमकी लागते. ‘काही लागले तर सांग’ म्हटल्यावर सांगणारे कमी. ‘गुरुवारी तपासणीला मी सोबत येतो’ म्हटल्यावर नको म्हणणारेही कमी. सांभाळ करणाऱ्याची अवस्था तर बहुधा नोंदीबाहेरच राहते. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांच्या १९९९ च्या अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतील मृत्यूचा धोका, शुश्रूषा न करणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी जास्त होता.

जुळवून घेणे कुठवर : १९९९ मध्येच गॅरी आल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा ५४ टक्के लोकांनी आपले जीवनमान चांगले किंवा उत्कृष्ट असल्याचे सांगितले. धडधाकट लोकांना हे पटत नाही, कारण ते पहिल्या दिवसाची कल्पना करत असतात. पण माणूस सगळ्यालाच सरावतो हेही खरे नाही. रिचर्ड लुकास यांनी २००७ मध्ये दीर्घकालीन पाहण्यांच्या आधारे दाखवले की अपंगत्व आल्यावर घसरलेले समाधान बऱ्याच जणांत पूर्वपदावर येत नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात : जगणे चांगले असू शकते आणि पूर्वीपेक्षा कमीही.

व्यवस्थेचा वाटा : उभारीच्या संकल्पनेवर मोठा आक्षेप असा, की ती सगळा भार रुग्णावर टाकते. चार आजार असलेल्या माणसाला चार तज्ज्ञ, चार वेगळ्या तारखा आणि एकमेकांशी न जुळणारी पथ्ये मिळत असतील, तर तो थकतो तो आजाराने की उपचारांनी? कार्ल मे, व्हिक्टर मोन्टोरी आणि फ्रान्सेस मेअर यांनी २००९ मध्ये यावर ‘कमीत कमी व्यत्यय आणणारे वैद्यक’ हा विचार पुढे आणला. तपासण्या शक्यतो एकाच दिवशी ठेवणे, सर्व औषधांची एकच यादी करून नको असलेली कमी करणे, दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळीऐवजी चालत असेल तर एकदाच घ्यायची देणे आणि नवा उपचार लिहिण्यापूर्वी ‘हे तुम्हाला झेपेल का?’ असे विचारणे, अशी त्यातली कामे आहेत आणि ती करायची आहेत दवाखान्याने.