टेकड्या वाचल्या, पण वारा?

पुण्याच्या हिवाळ्यातल्या धुरकट सकाळींचं खापर नेहमी गाड्यांवर फुटतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. रात्री टेकड्यांच्या उतारावरची हवा गार होऊन जड होते, खाली सखलात साचते आणि तिच्यावर उबदार थराचं झाकण बसतं. ऊन चढेपर्यंत खालचा धूर खालीच राहतो. पेठांच्या काळीही हे असंच होतं, फक्त तेव्हा वाडे दोन-तीन मजली होते आणि रहदारी जेमतेम. १९६१च्या पानशेत पुरानंतर वस्ती नदीकाठापासून सहकारनगर वगैरे भागांत पसरली.

खरा गुंता १९९७ नंतरचा. हद्दीत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण, म्हणजे बीडीपी, आलं. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. अंतिम निर्णय व्हायला २०१५ उजाडलं. बांधकाम बंद, मोबदला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. जमीनमालकांना तो चेष्टा वाटला, आणि त्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. टेकडीप्रेमी झाडं, पक्षी, भूजल यांवर बोलत राहिले. हवा कशी वाहते हा मुद्दा दोन्हीकडून क्वचितच आला.

खरं तर तो यायला हवा होता. टीडीआर म्हणजे टेकडीवर न झालेलं बांधकाम खाली दुसरीकडे चढवणं. २०१६च्या धोरणाने ते रस्त्याच्या रुंदीशी जोडलं आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्ते वगळले. हवेच्या दृष्टीने हे, नकळत का होईना, शहाणपणाचं होतं. कारण रस्त्याच्या रुंदीपेक्षा दुतर्फा इमारती बऱ्याच उंच झाल्या की वारा छपरांवरूनच निघून जातो आणि खाली धूर गोल फिरत राहतो. मग २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला. रस्ता तीन मीटरने वाढणार, इमारती त्याहून कितीतरी. विरोध झाला तो पार्किंग आणि पाण्यावरून.

त्यातच मेट्रो स्थानकांभोवतीच्या पाचशे मीटरच्या परिसरात चारपर्यंत एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकामाची, मुभा आली. पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेल्या प्रकल्पांना. कोथरूड-एरंडवण्यातल्या पुनर्विकासाला निघालेल्या बहुतेक सोसायट्या त्याच्या बऱ्याच खाली राहतात. एका गल्लीत अशा आठ-दहा इमारती उठल्या, तरी प्रत्येकीची फाइल वेगळीच असते.